‘ॲडजेसंट’, ‘ॲडजॉइनिंग’, ‘कंटिग्युअस’ आणि ‘जक्स्टापोझ’ यांत नेमका फरक काय?

तुमची तक्रार अशी की शब्दकोशात या चार इंग्रजी शब्दांपुढे फिरून फिरून ‘शेजारचा, लगतचा, जवळचा’ एवढंच दिसतं आणि परीक्षेत मात्र चारपैकी एकच पर्याय बरोबर धरतात. यात शब्दकोशाचा फार दोष नाही. रोजच्या बोलण्यात आपलंही ‘शेजारी’वर भागतं. पण शेताचा व्यवहार निघू द्या, मग आपणही शब्द तोलायला लागतो. ‘जवळच आहे’ वेगळं, ‘लागून आहे’ वेगळं आणि ‘बांधाला बांध आहे’ हे तर फारच वेगळं.

मी जळगाव जिल्ह्यात जमिनीचे दस्त लिहितो आणि जुन्या इंग्रजी कागदांचं मराठी करून देतो. त्यामुळे हे शब्द मला चतुःसीमेच्या, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दी लिहायच्या रकान्यातच भेटतात. तिथे मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: अंगाला अंग लागलंच पाहिजे का?

‘ॲडजेसंट’ म्हणतो, लागलंच पाहिजे असं काही नाही. लॅटिनमध्ये याचा मूळ अर्थ ‘जवळ पडलेला’. मधे नाला, शिवरस्ता किंवा एखादा मोकळा प्लॉट असला तरी हा शब्द चालतो. अगदी खेटून असलं तरी चालतो, फक्त तशी हमी तो देत नाही. भूमितीत मात्र तो कडक होतो. शाळेतले संलग्न कोन म्हणजेच ॲडजेसंट अँगल्स. त्यांचा शिरोबिंदू एक आणि एक भुजा सामाईक असावीच लागते.

‘ॲडजॉइनिंग’मध्ये हद्द सामाईक आलीच. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत दोन घरांमधे एकच भिंत असते, ती घरं ॲडजॉइनिंग. याच्या पोटात ‘जोडणे’ आहे, आणि ते मूळ इतकं जुनं की संस्कृतातलं ‘युज्’ आणि ‘युग’, इंग्रजीतलं ‘योक’ आणि बैलांच्या मानेवरचं आपलं ‘जू’ हे सगळे त्याच घराण्यातले. जू आठवलं की हा शब्द विसरणार नाही.

खरी गडबड ‘कंटिग्युअस’ची. याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘स्पर्श करणे’ हा धातू आहे, म्हणजे अंग लागतंच. मग ॲडजॉइनिंगपेक्षा निराळं काय? तर हा शब्द दोघांपुरता थांबत नाही, ओळीलाही लागू होतो. नकाशा समोर घ्या. नंदुरबारची हद्द धुळ्याला लागते, धुळ्याची जळगावला. नंदुरबार आणि जळगाव एकमेकांना कुठेच शिवत नाहीत, मधे धुळे जिल्ह्याचा शिरपूर तालुका थेट मध्य प्रदेशाच्या सीमेपर्यंत गेलेला आहे. म्हणजे हे दोन जिल्हे ॲडजॉइनिंग नाहीत, पण तिन्ही मिळून खानदेश हा एक कंटिग्युअस प्रदेश आहे. जुन्या सहा नंबरच्या हायवेने नवापूरहून साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव करत मुक्ताईनगरला पोचा, खानदेशाबाहेर पाऊल पडत नाही. (1906 मध्ये इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. वाटण्या झाल्या तरी सलगपणा मोडला नाही.) अमेरिकेत ‘कंटिग्युअस स्टेट्स’ म्हणतात ती 48 राज्यं. अलास्का त्यात धरत नाहीत, कारण मधे कॅनडा आहे. हवाई तर समुद्रातच.

परीक्षेपेक्षा बाहेर या शब्दाची किंमत जास्त आहे. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून केलेल्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्याच्या कलम 7 मध्ये तुकडा कोणाला देता येईल, तर ‘कंटिग्युअस’ सर्व्हे नंबरच्या मालकाला, असं शब्दशः लिहिलेलं आहे. कायद्यात पुढे बदल होत गेले, तो विषय वेगळा. पण तिथे ‘ॲडजेसंट’ असतं तर नाल्यापलीकडचा गटवालाही हक्क सांगत आला असता. कायदा लिहिणाऱ्याने हा शब्द उगाच निवडलेला नाही.

याच स्पर्शाच्या धातूतून निघालेलं गोत मोठं आहे: काँटॅक्ट, टँजंट (वर्तुळाला एकाच बिंदूत शिवणारी ती स्पर्शिका), टँजिबल म्हणजे हाताला लागण्याजोगं, इंटॅक्ट म्हणजे कोणी हात न लावलेलं, जसंच्या तसं. काँटेजिअसही त्यातलाच, शिवाशिवीने पसरणारा रोग. इन्फेक्शिअस (जंतूंमुळे होणारा) आणि काँटेजिअस यांत पेपर काढणारे हमखास फसवतात. मलेरिया इन्फेक्शिअस आहे, काँटेजिअस नाही, त्याला डास लागतो. आपल्या केळीवरचा हरण्या रोगही झाडाला झाड लागून पसरत नाही, मावा तो वाहून नेतो. टँजरिन हे संत्र्यासारखं फळ मात्र या गोतातलं नाही, त्याचं नाव टँजिअर शहरावरून पडलं.

तुम्ही विचारला नाही, पण दस्तात येतो तो ‘अबट’: एखाद्या गोष्टीची कड किंवा टोक दुसरीला जाऊन भिडणं. पूल काठाला जिथे टेकतो त्या बांधकामाला अबटमेंट म्हणतात ते यावरूनच.

राहिला ‘जक्स्टापोझ’, आणि हा बाकीच्यांच्या पंगतीत बसतच नाही. ते तिघे विशेषणं, हे क्रियापद. तिघे नुसती जागा सांगतात, याला करणारा लागतो आणि त्याचा हेतू लागतो. फरक डोळ्यांत भरावा म्हणून दोन गोष्टी मुद्दाम शेजारी मांडणं, हा त्याचा अर्थ. एखाद्या वार्ताहराने रावेरच्या शेतातला केळीचा भाव आणि मुंबईतला डझनाचा भाव एकाच पानावर समोरासमोर छापला आणि खाली एक ओळही लिहिली नाही, तर त्याने ते दोन भाव जक्स्टापोझ केले. यातलं ‘जक्स्टा’ म्हणजे ‘जवळ’, आणि तेसुद्धा त्या जोडण्याच्या मुळातूनच आलेलं. अहिराणी बोलणाऱ्याला याचं नवल वाटू नये. ‘मनाजोडे ये’ म्हणताना आपणही ‘जवळ’साठी ‘जोड’च वापरतो.



एक शेवटचं, गाळलेल्या जागांसाठी. ‘ॲडजेसंट’च्या पुढे ‘टू’ येतं, ‘कंटिग्युअस’च्या पुढे ‘टू’ किंवा ‘विथ’, ‘जक्स्टापोझ’ला बहुधा ‘विथ’. ‘ॲडजॉइन’ क्रियापद म्हणून आलं तर पुढे काहीच लावायचं नाही. ‘फील्ड ॲडजॉइन्स द रोड’, बस. तिथे ‘टू’ दिसलं की तो पर्याय खुशाल खोडा.