अनारसा का हसतो, चकली का मऊ पडते

दिवाळीच्या फराळाची तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. नोकरी, छोटं स्वयंपाकघर, वर डबे भरून भेट द्यायची म्हणजे शेवटच्या चार दिवसांत हे जमत नाहीच. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न त्याबद्दलचे आहेत. मापांत वाटी म्हटलं आहे तिथे ती साधारण 200 मिलीची समजावी.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. वसुबारसेच्या आधीचे तीनच शनिवार-रविवार हाताशी आहेत. कुठला पदार्थ आधी, कुठला नंतर? (ठाणे)

ज्यात पाणी कमी, तो आधी. बाकी सगळा हिशेब यावरच चालतो.

पहिल्या शनिवार-रविवारी तळण नको. चकलीची भाजणी भाजून गिरणीतून आणा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गिरणीत रांग असते आणि तुमची भाजणी कुणाच्या गव्हावर दळली जाईल सांगता येत नाही. ती हरभऱ्याच्या डाळीवर किंवा तांदळावर दळून हवी, हे गिरणीवाल्याला आधीच सांगा. त्याच रविवारी सुकं खोबरं किसून मंद आचेवर कोरडं करा, शेंगदाणे निवडा, रवा चाळा, पिठीसाखर दळून हवाबंद ठेवा. अनारशांचे तांदूळही तेव्हाच भिजत घाला.

दुसऱ्या शनिवारी शंकरपाळे, रविवारी बेसनाचे लाडू. शंकरपाळ्यांना एक किलो मैद्यासाठी 300 ग्रॅम साखर, 250 ग्रॅम तूप आणि साधारण 300 मिली पाणी घ्या. दुधाने चव खुलते, पण पंधरा दिवस ठेवायचे असतील तर पाणीच बरं. साखर पाण्यात विरघळेपर्यंतच गरम करा, तूप घाला, कोमट झाल्यावर मावेल तसा मैदा घालत घट्ट भिजवा. पहिला घाणा तेलात विरघळायला लागला तर तूप-साखर जास्त झाली आहे. उरलेल्या पिठात दोन मुठी मैदा मळून घ्या, निभावतं.

तिसऱ्या शनिवारी आधी सुक्या सारणाच्या करंज्या तळा, मग त्याच तेलात चकल्या आणि सर्वांत शेवटी शेव. क्रम उलटा केलात तर तिखट-हळदीचे कण आणि बेसनाचा भुगा तेलात जळतो आणि करंज्यांवर काळे ठिपके बसतात. रविवारी चिवडा. अनारसे दिवाळीच्या आदल्या दोन दिवसांत तळा. पीठ तयार असलं की तासाभराचं काम आहे.

शेवेनंतर उरलेलं तेल गाळून भाजी-आमटीला दोन-तीन दिवसांत संपवा. ठेवायच्या फराळाला पुन्हा वापरू नका. एकदा तापून गेलेल्या तेलातला पदार्थ लवकर खवट होतो.

प्रश्न : अनारसा तुपात सोडला की जाळी पडायच्या आधीच पसरतो आणि तुकडे होतात. पीठ तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचंच आहे. काय चुकलं? (सांगली)

अनारसा हसला. कारण बहुतेक वेळा गूळ असतो. गूळ तापून पातळ होतो, आणि तांदळाचं पीठ शिजून एकमेकांना धरायच्या आत अनारसा सुटतो. दुसरं कारण तूप पुरेसं तापलेलं नसणं.

चूक मुळातच टाळायची तर प्रमाण वजनाने घ्या. अर्धा किलो जुना कोलम किंवा साधा जाडा तांदूळ तीन दिवस भिजवा आणि पाणी रोज बदला. बदललं नाही तर येणारा वास तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी निथळून सुती कापडावर सावलीत तास-दीड तास पसरा. तांदूळ मुठीत धरला की गार, ओलसर लागावा, पण हाताला पाणी लागू नये. या टप्प्यावर घाई केली तर पीठ चिकट होतं, उशीर केला तर अनारसा दगड होतो. मिक्सरमध्ये थोडं थोडं वाटून मैद्याच्या चाळणीने चाळा. आता मूठभर पीठ बाजूला काढून ठेवा, त्याचं काम पुढे आहे. उरलेलं पीठ तोला आणि किलोला 700 ते 750 ग्रॅम या हिशेबाने बारीक किसलेला साधा गूळ मिसळा. अर्धा किलो तांदळाचं ओलसर पीठ साधारण 600 ग्रॅम भरतं, म्हणजे गूळ 420 ते 450 ग्रॅम. चिकीचा गूळ वापरू नका, त्याने अनारसे चिवट होतात.

चमचाभर तूप घालून कुटून घ्या, गोळे करून डब्यात दाबून भरा. पहिल्या दिवशी पीठ कोरडं वाटेल. गूळ सुटायला वेळ लागतो, म्हणून लगेच दूध घालू नका. पाच-सहा दिवसांनी ते मऊ होतं. फ्रीजमध्ये महिनाभर राहतं. तळायच्या दोन तास आधी बाहेर काढून मळा.

आता तुमचं हसलेलं पीठ. बाजूला ठेवलेल्या पिठातलं चमचा-चमचा मिसळा, झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी एकच अनारसा तळून पाहा. बाजूला काही ठेवलंच नसेल तर तांदळाची कोरडी पिठी चालते, फक्त जाळी थोडी कमी पडेल. उलट अनारसा कडक होत असेल तर कुस्करलेलं पिकलं केळं किंवा थेंब-थेंब दूध घाला, पण तेवढ्याच पिठात जे लगेच तळणार आहात. केळं घातलेलं पीठ ठेवलं तर आंबतं.

खसखशीवर थापा आणि तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवा. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहा. तळलेले अनारसे चाळणीत उभे ठेवा. आडवे ठेवलेले अनारसे आपल्याच तुपात बसतात.

प्रश्न : चकली तळली त्या दिवशी कुरकुरीत होती, चौथ्या दिवशी मऊ. डबा घट्ट झाकणाचाच होता. (चिपळूण)

डब्याला दोष देऊ नका. चकली आतून ओली राहिली होती. मोठ्या आचेवर बाहेरचा रंग पटकन येतो, मधल्या भागातलं पाणी तसंच राहतं आणि पुढच्या दिवसांत ते बाहेरच्या कवचात उतरतं. चकली झाली हे रंगावरून ठरवू नका, बुडबुड्यांवरून ठरवा. सोडताना तेल चांगलं तापलेलं हवं, मग आच मध्यम करायची. बुडबुडे जवळजवळ थांबले आणि चकली हलकी होऊन फिरायला लागली की काढायची. थर्मामीटर असेल तर 160 ते 170 अंशांच्या आत राहा.

भाजणीचं एक भरवशाचं प्रमाण : तांदूळ 1 किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, मूग डाळ 125 ग्रॅम, पोहे 125 ग्रॅम, धणे 50 ग्रॅम, जिरे 25 ग्रॅम. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, खमंग पण फिकट भाजा. डाळी लाल झाल्या तर चकली तळताना काळी पडते.

उकडीला एका वाटी भाजणीला पाऊण वाटी पाणी आणि एक टेबलस्पून तेलाचं मोहन. पाण्याला उकळी आली की मीठ, तिखट, हिंग, हळद, तीळ, ओवा आणि मोहन घालून आच बंद करा, भाजणी मिसळा, अर्धा तास झाकून ठेवा. नंतर कोमट पाण्याच्या हाताने लागेल तेवढीच मळा. सोऱ्यातून पडताना तुटते म्हणजे पीठ कोरडं. काटे उठत नाहीत म्हणजे सैल. तेलात सुटते आणि खाताना तेलकट लागते म्हणजे मोहन जास्त. अशा वेळी थोडी भाजणी वाढवून पुन्हा मळा.

कोकणात परतीचा पाऊस लांबला की हवेतच ओल असते. पंख्याखाली तासन्‌तास उघड्या ठेवू नका. हाताला गार लागल्या की लगेच डबा बंद. मऊ पडलेल्या चकल्या ओव्हनमध्ये 120 अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवून पूर्ण गार केल्या की बऱ्याच सुधारतात.

प्रश्न : पातळ पोह्यांचा चिवडा आठवड्यात सादळतो आणि थोडा खवट वासही येतो. (नाशिक)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. सादळण्याचं मूळ मिरची आणि कढीपत्त्यात असतं. हिरवी मिरची फोडणीत नुसती परतून चालत नाही, तिचे तुकडे कडकडीत झाले पाहिजेत. कढीपत्ता चुरला गेला पाहिजे. धुतलेला कढीपत्ता ओला घातला तर ते पाणी सरळ पोह्यांत जातं, म्हणून आदल्या दिवशीच धुऊन कापडावर पसरा. पोहे कडक उन्हात तीन-चार तास ठेवले तर भाजताना आकसत नाहीत. ऊन नसेल तर जाड बुडाच्या कढईत, अगदी मंद आचेवर, थोडे थोडे भाजा.

खवटपणा येतो शेंगदाणे आणि खोबऱ्यातून. खोबऱ्याची वाटी घेताना आतला भाग पिवळसर असेल तर नाकाला लावून पाहा आणि शंका आली तर सोडा. एक खवट वाटी सगळा चिवडा घालवते. डबा काठोकाठ भरा, कारण रिकाम्या जागेतली हवाच तेल बिघडवते. मोठ्या अर्ध्या डब्यापेक्षा दोन लहान भरलेले बरे.

अर्धा किलो पोह्यांना 125 ग्रॅम शेंगदाणे, 100 ग्रॅम डाळं, 75 ग्रॅम खोबऱ्याचे काप, 100 ते 125 मिली तेल, दहा-बारा मिरच्या. पिठीसाखर चिवडा कोमट झाल्यावर घाला. गरमागरम डब्यात भरलात तर झाकणाला घाम येतो आणि वरची सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न : बेसनाचे लाडू वळले की थोड्या वेळाने बसतात, चपटे होतात. (इंदूर)

तूप जास्त झालं, किंवा साखर मिश्रण गरम असताना घातली. अर्धा किलो रवाळ बेसनाला 275 ते 300 ग्रॅम तूप आणि 375 ते 400 ग्रॅम पिठीसाखर पुरते. बेसन मंद आचेवर तीस-चाळीस मिनिटं भाजावं लागतं, आणि सुरुवातीला कोरडं वाटतं म्हणून तूप वाढवण्याचा मोह होतो. थांबा. बेसन भाजलं की तूप सोडतं आणि सैल होतं. साखर बोट सहज ठेवता येईल इतकं कोमट झाल्यावरच. बसलेले लाडू मोडा, दोन-तीन चमचे कोरडं भाजलेलं बेसन मिसळा, मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा वळा. टाळ्याला चिकटणारा लाडू मात्र कच्च्या बेसनाचा असतो. साखर पडल्यावर त्याला इलाज नाही.

प्रश्न : ओल्या नारळाच्या करंज्या आठ दिवस आधी करता येतील का?

नाही. सारण कितीही आटवलं तरी बाहेर दोन दिवस. ती हौस भाऊबीजेच्या सकाळी पुरवा.

प्रश्न : सोसायटीतल्या वीस घरांना भेट म्हणून फराळाचे डबे द्यायचे आहेत. किती सामान लागेल, आणि सगळं एकाच डब्यात चालेल का? (पुणे)

प्रत्येक डब्यात पाच चकल्या, तीन बेसन लाडू, 100 ग्रॅम शंकरपाळे आणि 100 ग्रॅम चिवडा धरला तर : एक किलो भाजणीच्या साठेक मध्यम चकल्या होतात, म्हणजे पावणेदोन किलो भाजणी. अर्धा किलो बेसनाचे पंचवीसेक लाडू, म्हणजे सव्वा किलो बेसन. शंकरपाळ्यांना सव्वा किलो मैदा, चिवड्याला सव्वा किलो पोहे. यात मोडतोड आणि घरातली येता-जाता उचललेली मूठ धरली आहे.

एका डब्यात चालेल, पण पदार्थ एकमेकांना लागता कामा नयेत. लाडवाचं तूप चिवड्यात उतरतं, चकलीचा हिंग-ओवा लाडवाला लागतो. चिवडा आणि चकली वेगवेगळ्या बंद पिशव्यांत, लाडू कागदी वाट्यांत ठेवा. पिशव्या आधी भरून ठेवा, डबे वाटायच्या आदल्या संध्याकाळी लावा. डब्यावर केल्याची तारीख आणि शेंगदाणे, तीळ, गहू, तूप ही यादी चिकटवा. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

प्रश्न : मुलगा दुबईला, मुलगी अमेरिकेत. दोघांना फराळ पाठवायचा आहे. (नागपूर)

दुबईच्या डब्यात खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, सिंगापूरमध्येही. अनारसे गाळा, करंजीच्या सारणातली खसखस वगळून भाजलेले तीळ घाला. अमेरिकेला घरी केलेला फराळ एका व्यक्तीने दुसऱ्याला भेट म्हणून पाठवला, तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागत नाही. तरी कुरियरवाले आपली कागदपत्रं मागतात. पदार्थांची नावं, घटक आणि वजनं इंग्रजीत लिहून यादी तयार ठेवा. ‘चकली’ एवढंच न लिहिता तांदूळ-डाळीच्या पिठाचा तळलेला पदार्थ असं लिहा. खव्याचं काहीच पाठवू नका, वाटेतच आंबतं.

चकल्या व्हॅक्यूम पिशवीत भरल्या तर चुरा पोचतो. पाच-सहा चकल्यांची चळत बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळा, नळी करून दोन्ही टोकं पिळा आणि नळ्या डब्यात उभ्या लावा. मधल्या फटी शंकरपाळ्यांच्या छोट्या पिशव्यांनी भरा. डबा बंद करून हलवून पाहा. आत खुळखुळलं तर अजून एक पिशवी मावते.