कुठला पाय, ते लिही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईकडून कळलं, वडोदऱ्याजवळ नंदेसरीला कारखान्याच्या फायर टीममध्ये लागलास, तेही एजन्सीमार्फत. आनंद झाला, आणि लगेच माझा गुडघा आठवला.

मकरपुऱ्यात एका गोदामाला आग लागली होती. विझली होती म्हण, आम्ही होज गुंडाळत होतो. जमिनीवर फोमचा थर आणि त्याखाली उघडी गटार. डावा पाय आत गेला, गुडघ्यात कट्ट झालं. आगीतून धड बाहेर आलेला माणूस गटारात पडला हे सांगायची लाज वाटली, म्हणून गप्प राहिलो आणि पोरांबरोबर लंगडत सेव-उसळ खायला गेलो. सकाळी गुडघा नारळाएवढा. दोन दिवसांनी ऑफिसच्या क्लार्कने रजिस्टरमध्ये गुजरातीत एक ओळ टाकली: 'पगमां वाग्युं', म्हणजे पायाला लागलं. डॉक्टरांच्या कागदावर डाव्या गुडघ्याचं लिगामेंट, आणि रजिस्टरात नुसता 'पग'! विमेवाल्याने थंडपणे विचारलं, "कुठला पाय? आणि घरच्या जिन्यावरून पडला नाहीत कशावरून?" ऑपरेशनचा बराचसा खर्च माझ्याच खिशातून गेला. कंपनीचं नाव घेत नाही. निम्मी चूक माझीच होती.

तेव्हा लागलं की त्याच शिफ्टमध्ये, स्वतःच्या हाताने लिही. किती वाजता, कुठे, काय करताना, डावं की उजवं, जवळ कोण होतं. त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेव. दवाखान्यातही नुसतं 'पडलो' म्हणू नकोस, 'ड्यूटीवर पडलो' म्हण. केसपेपर लिहिणारा ऐकतो तेवढंच लिहितो.

कायद्याचं थोडक्यात. 1923चा नुकसानभरपाईचा कायदा होता, त्यातल्या तरतुदी आता 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत. अपघाताची नोटीस होईल तितक्या लवकर द्यायची, दावा दोन वर्षांच्या आत. एजन्सीचा माणूस 'तू आमचा, कंपनीचा नाहीस' म्हणेल, पण ज्याच्या कामावर तू आहेस त्या मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येते. मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. मात्र पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा हप्ता, कापत असतील तर रस्ता वेगळा, पैसे ईएसआयकडून मिळतात. म्हणून आधी पगाराची स्लिप नीट बघ.

आणखी एक मेख आहे. दिलेलं सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून ठेवलंस आणि त्यामुळे लागलं, तर मालक भरपाई नाकारू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तरच ही पळवाट त्याला मिळत नाही. मे महिन्यात हेल्मेट काढावंसं वाटतंच, मलाही वाटायचं.

बीए सेटचं, म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवर बांधतात त्या हवेच्या सिलिंडरचं, तर विचारूच नकोस. सहा लिटरचा सिलिंडर 300 बार दाबाला भरला की साधारण 1800 लिटर हवा. कागदावर मिनिटाला 40 लिटर धरतात, म्हणजे पाऊण तास. होज ओढत जिना चढलास की छाती भात्यासारखी चालते आणि अर्ध्या तासात हवा संपत आल्याची शिट्टी वाजते. शिट्टी म्हणजे 'बाहेर निघ' नव्हे, 'आत्तापर्यंत बाहेर असायला हवं होतंस'. आत जाताना बोर्डावर वेळ आणि प्रेशर लिहिल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, साहेब कितीही ओरडला तरी.

आणि काजळी. आमच्या वेळी काळा कोट म्हणजे मर्दुमकी, तोच घालून घरी जायचो, पोरं अंगाला बिलगायची. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अग्निशमनाचं काम कर्करोगकारक ठरवून पहिल्या गटात टाकलं, म्हणजे तंबाखू ज्या गटात आहे त्यात. मूत्राशयाच्या कर्करोगाचा पुरावा पुरेसा मानला आहे. कोट कामावरच धुवून ठेव, मान-मनगटं तिथेच साबणाने घास. एक वहीही कर: तारीख, काय जळत होतं, धुरात किती वेळ होतास, तोंडावर मास्क होता का. असा आजार वीस वर्षांनीही येतो, तेव्हा नंदेसरीत कुठल्या रात्री कुठलं रसायन जळलं हे कोणाला आठवणार?

नेमणुकीचं पत्र आणि स्लिप घेऊन दांडिया बाजारला ये, दोन्ही बघू. गुरुवार सोडून कधीही. गुरुवारी मी फिजिओकडे असतो, डाव्या गुडघ्यासाठी.

तुझा,
काका