प्रबंध सिकलसेलवर आणि ओढ धोरणाकडे : आधी लेखी परवानगीचं बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हे दुखणं लगेच ओळखलं. घर धुळ्याचं, शिक्षण बायोएथिक्सचं (वैद्यक-जीवशास्त्रातल्या नैतिक प्रश्नांचं), प्रबंध नंदुरबारच्या आश्रमशाळांतल्या सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) तपासणीवर, आणि वाचता वाचता गोडी लागली राजकारणाची, विज्ञान-धोरणाची. मार्गदर्शक म्हणतात भरकटू नका. कॉलेजचं कार्यालय म्हणतं, नुसत्या मुलाखतींना नैतिकता समितीची परवानगी लागत नाही. तुम्ही विचारलंय ते पुढच्या वाटेबद्दल, धोरणाकडे वळावं का, एखाद्या राजकीय पक्षात जावं का, पण मी कार्यालयाचंच आधी घेतो, कारण गाडी तिथेच अडते.

परवानगी लागते की नाही, हे ठरवायचा अधिकार कार्यालयाला नाहीच. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रस्तावाचे तीन मार्ग असतात: छाननीतून सूट, त्वरित छाननी किंवा पूर्ण समितीपुढे चर्चा. सूट मिळण्यासारखं काम असलं तरी ती सूट समिती देते. दुसरं म्हणजे काम सुरू झाल्यावर मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही. बाबू सहज ‘काही गरज नाही’ म्हणून जातो, मुलाखती होतात, आणि लेख पाठवला की नियतकालिक मंजुरीचा क्रमांक मागतं. मग तेच कार्यालय हात वर करतं: असं लेखी कुठे दिलंय आम्ही? गोळा केलेली सगळी माहिती असून नसल्यासारखी. नाव घेत नाही, पण अशा एका कार्यालयाच्या तोंडी शब्दाची किंमत मला चांगली ठाऊक आहे. म्हणून साधा अर्ज करा, आवक क्रमांक घ्या आणि पोच असलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. त्यांना नकार द्यायचा असेल तर कागदावर देऊ द्या.

कॉलेजात समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे करार करून जाता येतं. त्या समितीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे का, तेवढं आधी बघा. किमान ७ सदस्य, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि बैठकीला किमान ५ हजर, हा नियम आहे. बैठक रोज होत नाही, तेव्हा आधी तारीख विचारा आणि संशोधन आराखडा, प्रश्नावली, माहितीपत्रक, संमतीपत्र व त्यांची भाषांतरं एकाच वेळी द्या. एक कागद कमी पडला की प्रस्ताव पुढच्या बैठकीवर जातो.

तसंही तुमच्या विषयाला सूट मिळेल असं मला वाटत नाही. अल्पवयीन मुलं, आदिवासी समाज आणि आनुवंशिक माहिती, तिन्ही एकत्र आहेत. पालकांची संमती हवीच. त्याशिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वयाच्यांचा लेखी होकार हवा. धडगाव-अक्कलकुव्याकडे नुसतं मराठी संमतीपत्र पुरत नाही. पावरी किंवा भिली बोलणारा माणूस आणि अंगठा देणाऱ्यांसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. पालक कामासाठी गुजरातेत गेलेत म्हणून वॉर्डनची सही घेऊन टाकायचा मोह होतो, तो आवरा. २००९ मध्ये खम्मम (तेव्हाचा आंध्र प्रदेश) आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची) देण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात खम्ममकडे वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक अहवाल दिला. तो मिळवून वाचा. संमतीच्या एका सहीतून संसदेपर्यंत प्रकरण कसं जातं ते कळेल, आणि मार्गदर्शकांना दाखवायलाही बरं: धोरण म्हणजे विषय सोडणं नव्हे.

आता धोरण. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून. शिबिरात पहिल्यांदा बहुधा होते ती सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे रक्ताची साधी प्राथमिक चाचणी. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे मूल वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली दुसरी चाचणी करावी लागते. आता पहिल्या चाचणीनंतरच नाव वर्गाच्या यादीत गेलं, तर रुग्ण नसलेली मुलगीही गावात ‘सिकलसेलवाली’ होते आणि पुढे लग्नाला अडचण येते. ‘गोपनीयता जपावी’ असं निवेदन कुणीही देतं, आणि ते फायलीत पडून राहतं. त्याऐवजी लिहा: ‘दुसऱ्या चाचणीपर्यंत निकाल शाळेच्या नोंदवहीत लिहू नये; अंतिम निकाल पालकांना बंद पाकिटात, समुपदेशकासमोर द्यावा.’ निवेदनात कोणतं कलम, त्यातून होणारं नुकसान आणि पर्यायी शब्दरचना, एवढंच हवं. संसदीय समित्यांनाही असंच निवेदन लागतं. विधेयक समितीकडे गेलं की त्या मतं मागवतात, मुदत थोडी असते.

कुणाला लिहायचं हेही आधी ठरवा. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय, तेव्हा शिबिराच्या पद्धतीबद्दल जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषद. जीएम (जनुकीय बदल केलेल्या) पिकांचं तसं नाही. ते केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाखालच्या जीईएसी या मंजुरी समितीकडे जातं. बीटी वांग्याला (किडीला तोंड देणारं जीएम वांगं) तिने २००९ मध्ये हिरवा कंदील दिला, मग नागपूरसह ७ शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती आली. भरिताचा मुलूख आपला, तेव्हा धोरणावर आणखी एखादा निबंध लिहायचा तर विषय शोधायला लांब जायला नको.

माहिती अधिकार वापरा, पण ‘का’ विचारू नका. मत मागितलं की अर्ज निकाली. निकाल कसे कळवायचे याचं परिपत्रक, बैठकीचं इतिवृत्त, दुसरी चाचणी झालेल्यांची संख्या, असं मागा. महाराष्ट्रात १५० शब्द आणि एका अर्जात एकच विषय. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपये.

पक्षाबद्दल विचारलंय. माझं मत, पटलं तर घ्या: प्रबंध चालू असेपर्यंत पद घेऊ नका. ज्या गावात संमती मागता तिथेच उद्या प्रचाराला गेलात, तर होकार मनापासून होता की दबावाखाली, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. ग्रामसभेला बसा, जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीची इतिवृत्तं वाचा. नंतर खासदारांबरोबर काम करायची लॅम्प फेलोशिप आहे. तिला वयाची अट असते, म्हणून पीएचडीनंतर बघू म्हणून चालत नाही. जाहिरात मात्र त्या-त्या वर्षीचीच वाचा, अटी बदलतात. मी वकील नाही, तेव्हा नियमांचंही एकदा तपासून घ्या.

आणि संमतीपत्राचा मसुदा इथे टाकणार असाल तर शाळेचं आणि पाड्याचं नाव खोडून टाका. छोट्या पाड्यात वय आणि आडनावावरूनही मूल ओळखू येतं.