निबंधाच्या शिकवणीला पावणेदोन लाख द्यावेत का?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात माझी सहा एकर कोरडवाहू शेती आहे आणि आम्ही इतर मागास प्रवर्गात मोडतो. मुलगी अकरावी विज्ञान शाखेत असून तिला पदवीसाठी अमेरिकेत अर्ज करायचा आहे. अर्जासोबतचे निबंध लिहून घेण्यासाठी एक संस्था वैयक्तिक शिकवणी देते. दहा महाविद्यालयांसाठी फी दीड लाख अधिक जीएसटी असून त्यातील ६० टक्के रक्कम याच महिन्यात भरायची आहे. यंदा ३० क्विंटल कापूस झाला. बँकेत २ लाख ६० हजारांची मुदत ठेव आहे आणि सोसायटीचे १ लाख ४० हजारांचे पीककर्ज आहे. ठेव मोडावी का? संस्थेचे करारपत्र आणि मुलीने लिहिलेला कच्चा निबंध सोबत जोडला आहे.

उत्तर: सप्रेम नमस्कार. ठेव मोडू नये आणि हा करार आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये, असे माझे मत आहे. मुलीने अर्ज करू नये असे मात्र मी म्हणत नाही. तो अर्ज शेवटपर्यंत नेता यावा म्हणूनच ही रक्कम राखून ठेवायला हवी.

दीड लाखावर १८ टक्के जीएसटी धरला की फी १ लाख ७७ हजार होते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. त्या भावाने ही फी म्हणजे सुमारे २२ क्विंटल कापूस, आणि तोही सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या आत निघाला तर, कारण त्यापुढे भाव कापला जातो. आपल्या ३० क्विंटलांतून बियाणे, खत, फवारणी आणि वेचाई वजा केल्यावर जे हातात उरेल, ते बहुधा या फीपेक्षा कमीच असेल.

याहून मोठा धोका पीककर्जाचा आहे. मुदतीत फेड केली तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज आपल्याला बिनव्याजी पडते. ठेवीतून फी दिली तर ८३ हजार उरतात, म्हणजे कर्जाच्या रकमेपेक्षा ५७ हजार कमी. कापसाचे पैसे अडकले किंवा घरात दुखणे निघाले, तर कर्जाची मुदत चुकेल, व्याजाची सवलत जाईल आणि पुढच्या हंगामाचे कर्ज मिळणेही अवघड होईल. ठेव मुदतीपूर्वी मोडल्याने व्याज घटेल ते वेगळेच. शैक्षणिक कर्जातून ही फी भरून काढता येईल असे कोणी सांगितले असल्यास तेही खरे मानू नये. बँका प्रवेश मिळाल्यानंतरचा शिक्षणखर्च धरतात, प्रवेशापूर्वीची शिकवणी नाही.

आता मूळ मुद्दा. करारपत्रासोबतच्या यादीतील दहापैकी सहा संस्था अमेरिकेतील राज्य विद्यापीठे आहेत. तिथे परदेशी विद्यार्थ्याचा वर्षाचा एकूण खर्च बहुधा ४० हजार डॉलरहून अधिक असतो आणि गरजेवर आधारित मदत परदेशी विद्यार्थ्यांना फारशी मिळत नाही. निबंध कितीही उत्तम झाला आणि तिथे प्रवेश मिळाला, तरी आपण तो घेऊ शकणार नाही. परदेशी अर्जदाराची आर्थिक स्थिती न पाहता निवड करणाऱ्या आणि निवड झाल्यावर गरजेइतकी पूर्ण मदत देणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅम्हर्स्ट ही त्यांतली नावे. तिथली स्पर्धा अतिशय कठीण आहे. इतर काही खासगी महाविद्यालयेही पूर्ण मदत देतात, पण तिथे मदत मागणे हे निवडीच्या वेळी विचारात घेतले जाते. त्यामुळे प्रत्येक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर परदेशी विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचे पान वाचून यादी आधी नव्याने करावी. अशी पाच-सहा नावे उरली, तर दहा महाविद्यालयांच्या शिकवणीचा प्रश्नच उरत नाही.

मुलीचा कच्चा निबंध मी दोनदा वाचला. पहिला परिच्छेद लहानपणापासूनच्या स्वप्नांविषयी आहे आणि तो कोणाच्याही अर्जात चालून गेला असता. दुसऱ्या परिच्छेदात मात्र ती काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, हातात घेऊन कटतीचा (वजनातून केलेल्या कपातीचा) हिशेब पुन्हा मांडते, फरक दाखवते, आणि अडत्या आधी हसतो व मग पट्टी दुरुस्त करतो. निबंध तिथून सुरू व्हायला हवा. हे सांगायला दीड लाखांचा मार्गदर्शक लागत नाही. ‘त्या दिवशी तू नेमके काय केलेस, मग काय झाले’ असे चिकाटीने विचारणारा एखादा शिक्षक पुरतो. बहुतेक महाविद्यालयांना चालणाऱ्या कॉमन अ‍ॅप या सामाईक अर्जातील मुख्य निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची आहे. एमआयटीचा अर्ज वेगळा असून त्यात लहान लहान प्रश्न असतात. शिवाय निबंधाआधी गुण, घेतलेले विषय आणि शिक्षकांची शिफारसपत्रे पाहिली जातात, हेही लक्षात असू द्यावे.

करारातील दोन कलमांवर मी खुणा केल्या आहेत. एकात भरलेली रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही असे आहे. दुसऱ्यात ‘अंतिम मसुदा संस्थेचा लेखक तयार करील’ असे म्हटले आहे, आणि हे मला अधिक गंभीर वाटते. अर्ज पाठवताना मजकूर आपला स्वतःचा असल्याचे विद्यार्थी प्रमाणित करतो. ते खोटे ठरले तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. पैसे आपण द्यायचे आणि जोखीम मुलीने घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

पर्याय जवळच आहे. यवतमाळमधून सुरू झालेले एकलव्य इंडिया फाउंडेशन शिक्षणात पहिल्या पिढीत असलेल्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाच्या अर्जांबाबत मार्गदर्शन करते. त्याचे संस्थापक राजू केंद्रे हे बुलडाणा जिल्ह्यातले असून स्वतः ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले आहेत. पदवीच्या परदेशी अर्जांसाठी सध्या काय मदत मिळते, हे तिथे प्रथम विचारावे. त्यानंतरही गरज वाटली, तर मुलीचा दुसरा मसुदा तयार झाल्यावर तासाच्या दराने एखादा वाचक घ्यावा आणि त्यासाठी एकूण १५ हजारांची मर्यादा ठरवावी. संस्थेने याच महिन्यात पैसे मागितले म्हणून घाई करण्याचे कारण नाही: कॉमन अ‍ॅपचा नवा अर्ज १ ऑगस्टला खुला होतो आणि नियमित अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला असते.

रोख पैसा खरा कुठे लागेल तेही पाहावे. डॉलर ८८ रुपये धरला आहे. पाच अर्जांचे शुल्क प्रत्येकी ८० डॉलरच्या आसपास आणि आर्थिक मदतीसाठी भरायच्या सीएसएस प्रोफाइल या अर्जाचे पहिल्या महाविद्यालयाला २५ व पुढच्या प्रत्येकाला १६ डॉलर मिळून साधारण ४३ हजार रुपये होतात. यातील शुल्कमाफी महाविद्यालयाला ईमेल लिहून मागता येते आणि ती संकोच न करता मागावी. इंग्रजीच्या परीक्षेला १८ हजारांपर्यंत लागतील. प्रवेश मिळाल्यास व्हिसाचे १८५ आणि सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी नोंदणीचे) ३५० डॉलर म्हणजे आणखी ४७ हजार, आणि त्यावर विमानाचे तिकीट. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरी यातील बराच खर्च आधी खिशातून करावा लागतो. शिकवणीवर ठेव खर्च झाली, तर नेमकी हीच रक्कम हातात नसेल.

याच काळात बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचाही अर्ज भरावा. तिथे प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते आणि मदत कुटुंबाच्या उत्पन्नानुसार मिळते. आपण इतर मागास प्रवर्गातील आहात, त्यामुळे राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असणाऱ्या मुलींना २०२४-२५ पासून लागू झालेली शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी तिलाही मिळू शकते. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र आताच काढून ठेवावे.

कापसाचे पैसे आले की प्रथम सोसायटीचे कर्ज फेडावे. महाविद्यालयांची नवी यादी तयार झाली की मला पाठवावी; कोणत्या महिन्यात किती रक्कम लागेल आणि ठेवीचा कोणता भाग कधी मोकळा करायचा, ते त्यावरून मांडून देईन.