४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का? २ ते १३ पर्यंत कशानेच भाग जात नाही

नाही, ती संयुक्त संख्या आहे: ६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७, आणि हे दोन्ही अवयव मात्र मूळ आहेत. ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीने वाढत जाणाऱ्या अशा संख्या मूळच असतात असं गणितज्ञ फर्माला वाटायचं, कारण आधीच्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ आहेत. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने ६४१ शोधून तो समज मोडला.

हा ६४१ हाताने पडताळता येतो, आणि ते फार सुंदर आहे:
- ६४१ = ५×१२८ + १, म्हणून ५×२⁷ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो). चौथा घात घेतला की ५⁴×२²⁸ ची बाकी १.
- ६४१ = ५⁴ + २⁴ सुद्धा, म्हणून ५⁴ च्या जागी −२⁴ चालतो. म्हणजे −२³² ची बाकी १, अर्थात २³² + १ ला निःशेष भाग जातो.

१३ पर्यंत भाग गेला नाही एवढ्यावरून मात्र काहीच ठरत नाही. वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे आहे, तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतात. ऑयलरने एक युक्ती सिद्ध केली होती: हिचा मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असतो. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ झाल्यावर पाचवाच ६४१ येतो.