सात आसनी गाडी आणि गाडी शिकणारी मुलगी

नाशिकच्या एका वाचकांनी आपला प्रश्न सविस्तर लिहून पाठवला आहे. घरात सहा माणसे आहेत: पतीपत्नी, त्यांचे आईवडील, आठवीतला मुलगा आणि येत्या जूनमध्ये १८ वर्षे पूर्ण करणारी मुलगी. दोघांचे मिळून दरमहा १ लाख १५ हजार रुपये हातात येतात, त्यातून घरकर्जाचा ३२ हजारांचा हप्ता जातो आणि घरखर्च ४५ हजारांचा आहे. २०१७ची हॅचबॅक विकून गुढीपाडव्याला ऑन-रोड, म्हणजे कर आणि विमा धरून, १५ लाखांची सात आसनी पेट्रोल गाडी घ्यावी, म्हणजे गावी सगळ्यांना एकत्र जाता येईल आणि मुलगीही त्याच गाडीवर शिकेल, असा त्यांचा विचार आहे. मोठी गाडी मुलीसाठी जास्त सुरक्षित, असे तिच्या आईचे म्हणणे आहे.

आपल्या पत्रात दोन वेगळ्या गरजा एकाच खरेदीत बांधल्या गेल्या आहेत. सहा माणसांनी एकत्र प्रवास करणे ही खरी गरज आहे आणि मुलीने गाडी शिकणे हीदेखील खरी गरज आहे; पण पहिलीसाठी योग्य ठरणारी गाडी दुसरीसाठी सर्वांत महाग पडते. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की पाडव्याची खरेदी पुढे ढकलावी आणि मुलीने जुन्या हॅचबॅकवरच शिकावे.

आधी हप्त्याकडे पाहू. जुन्या गाडीचे सव्वादोन लाख आणि बचतीतले पाऊण लाख घालून उरलेले १२ लाख साडेनऊ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १९,६०० रुपये बसतो आणि व्याजापोटी एकूण ४ लाख ४७ हजार रुपये जातात. पाच वर्षांची मुदत घेतली तर व्याज ३ लाख १२ हजारांवर येते, पण हप्ता २५,२०० होतो. सध्या आपल्याकडे महिन्याला ३८ हजार शिल्लक राहतात. त्यातून सात वर्षांचा हप्ता वजा केला तर १८,४०० उरतात. मुलीच्या अभियांत्रिकीची फी आपण वर्षाला दीड लाख धरली आहे, म्हणजे महिन्याला १२,५००. बाकी राहिलेल्या सहा हजारांत पेट्रोल, सर्व्हिसिंग, विम्याचा हप्ता आणि वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी बसवायचे आहे, आणि आपली १० हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, मी अजून यात धरलेलीच नाही. ती बंद करावी लागेल, आणि मुलाच्या शिक्षणाची तरतूद तिथेच थांबेल.

शिवाय गाडीची किंमत कर्जापेक्षा वेगाने उतरते. ऑन-रोड १५ लाखांतले सुमारे दीड लाख हा महाराष्ट्राचा वाहनकर आहे, कारण १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर तो १२ टक्के आहे, आणि गाडी विकताना तो कोणी परत देत नाही. तीन वर्षे पूर्ण झाल्यावर विम्यासाठी गाडीची किंमत शोरूम किमतीच्या ६० टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत पावणेआठ लाखांच्या आसपास धरली जाते. तोवर आपण हप्त्यांपोटी ७ लाख भरलेले असतील आणि तरीही कर्ज ७ लाख ८० हजार बाकी असेल.

आता मुलीच्या शिकण्याविषयी. शिकताना बंपर घासणार, दाराला पोचा पडणार, पार्किंगच्या खांबाला आरसा लागणार, हे गृहीत धरावे. जुन्या गाडीवरचा ओरखडा तसाच सोडता येतो किंवा डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे काही हजारांत मिटतो. कर्जावरच्या नव्या गाडीवर तो कोणी तसा सोडत नाही. माणूस क्लेम करतो, आणि खरे नुकसान तिथे सुरू होते. आपण इतकी वर्षे एकही क्लेम न केल्याने आपल्याला ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो आणि तो नव्या गाडीवर नेता येतो. एका क्लेमने तो शून्य होतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५० टक्क्यांपर्यंत येतो. हा बोनस विम्याच्या ज्या भागावर मिळतो त्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागाचा नव्या गाडीसाठीचा प्रीमियम वर्षाला २४ हजार धरला आणि तो स्थिर मानला, तर ही सवलत हुकल्याने पाच वर्षांत सुमारे ३० हजार रुपये जास्त भरावे लागतील. प्रत्यक्षात गाडीची किंमत उतरेल तसा प्रीमियम कमी होत जाईल आणि आकडा काहीसा खाली येईल, तरीही १५ हजारांच्या क्लेमसाठी हा सौदा तोट्याचाच आहे. बोनस जपणारे जोडकलम मिळते, पण त्याचेही पैसे पडतात.

मुलीच्या आईची काळजी मला अगदी रास्त वाटते आणि तिच्यात तथ्यही आहे: दोन गाड्यांच्या धडकेत जड गाडीतल्या माणसांना साधारणपणे कमी इजा होते. पण नवशिक्याचा धोका मुख्यतः वेग, रात्र, आणि गाडीत बसलेली मित्रमंडळी यांतून येतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नवशिक्या किशोरांनी किती समवयस्कांना गाडीत बसवावे यावर मर्यादा आहे ती याच कारणाने. आपल्याकडे तसा नियम नाही, आणि सात आसने असली की कॉलेजच्या सहलीला गाडी हीच नेली जाणार. त्यात लांब मागचा भाग, उंच बॉनेट आणि मागच्या काचेतून अपुरे दिसणे यांमुळे रविवार कारंजासारख्या गर्दीत अनुभवी माणसालाही मोठी गाडी जपून काढावी लागते. आपल्या हॅचबॅकला दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आहेत, त्यामुळे ती शिकण्यास पुरेशी आहे. ज्या वाचकांच्या जुन्या गाडीत हे नाही त्यांनी मात्र तिच्यावर मुलांना शिकवू नये. २०२२ किंवा त्यानंतर बनलेली वापरलेली छोटी गाडी पाहावी, कारण तोपर्यंत चालकाबरोबर शेजारच्या आसनालाही एअरबॅग सक्तीची झाली होती.

पत्रात एक वाक्य असे आहे की जूनपर्यंत ती गंगापूर धरणाच्या रस्त्यावर हात साफ करील. हे कृपया करू नका. १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी तिला कारचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. अपघातात कोणी जखमी झाले, तर विमा कंपनी नुकसानभरपाई देऊन ती आपल्याकडून वसूल करू शकते, आणि ती रक्कम घर विकायला लावणारी असू शकते. जूनमध्ये शिकाऊ परवाना निघाला, शेजारी परवानाधारक माणूस बसला आणि गाडीला पुढेमागे ‘एल’ची पाटी लागली, की विमा तिलाही लागू असतो. सुरुवातीचे धडे मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, दुहेरी ब्रेकच्या गाडीवर घेतलेले उत्तम.

राहिला गावचा प्रवास. जळगाव जिल्ह्यातल्या गावी जाऊन येऊन ५०० किलोमीटर होतात आणि वर्षातून चार वेळा जाणे होते. चालकासह सात आसनी गाडी किलोमीटरला २० रुपयांनी धरली, तरी एका फेरीचे १० हजार आणि चालकाचा भत्ता होतो, म्हणजे वर्षाला ४५ हजारांच्या आसपास. नव्या गाडीचे नुसते हप्ते वर्षाला २ लाख ३५ हजार आहेत. अशा भाड्याच्या गाडीतच आईंना तिसऱ्या रांगेत बसवून पाहा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे चढणे जमत नाही, हे खरेदीनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

मुलगी दोन वर्षे सफाईने गाडी चालवू लागली, फीची सोय झाली आणि त्या काळात हप्त्याऐवजी महिन्याला १० हजार वेगळे टाकता आले, तर अडीच लाखांच्या आसपास हाती असतील आणि कर्ज तेवढे कमी काढावे लागेल. तेव्हा जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे प्रमाणपत्र मागून घ्या. ते तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीवर वापरता येते. तोवर हॅचबॅकचे किरकोळ ओरखडे खिशातूनच दुरुस्त करा, क्लेम करू नका.