वाचकांचे प्रश्न : हाताने घडवलेली लहान इंजिने आणि त्यांची प्रदर्शने

प्रश्न : ब्रिटनमधील मॉडेल इंजिनिअरिंगच्या प्रदर्शनाची छायाचित्रे नुकतीच पाहण्यात आली. तयार खेळण्यातली रेल्वे विकत मिळत असताना एखादा माणूस एकाच लहान इंजिनावर दहा-दहा वर्षे का घालवतो? आणि सगळे काही चित्रफितीत दिसत असताना लोक ते पाहायला सभागृहापर्यंत का जातात?

उत्तर : ‘खेळणे’ हा शब्द आधी बाजूला ठेवू. या छंदातले इंजिन खऱ्यासारखे दिसले म्हणजे भागले, असे नसते. त्याच्या बॉयलरमध्ये कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, ती वाफ पिस्टन ढकलते आणि पाच इंची, म्हणजे एकमेकांपासून पाच इंच अंतरावर असलेल्या रुळांवरून ते इंजिन मोठ्या माणसांना ओढून नेते. फावल्या वेळात, घरच्या लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, अशी यंत्रे घडवणाऱ्यांना ब्रिटनमध्ये १८९८ साली आपले व्यासपीठ मिळाले. त्या वर्षी पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले, त्याच वर्षी लंडनमध्ये हौशी कारागिरांची संस्था स्थापन झाली आणि पुढे १९०७ मध्ये नियतकालिकाच्या नावाने पहिले प्रदर्शन भरले.

यंत्र लहान, म्हणून काम सोपे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण खरी अडचण लहानपणातच आहे. साडेतीन इंची रुळांवरचे इंजिन मूळ इंजिनाच्या साधारण सोळाव्या हिश्शाचे असते. लांबी सोळाव्या हिश्शावर आली की पृष्ठफळ २५६ व्या आणि घनफळ ४०९६ व्या हिश्शावर येते, म्हणजे आतल्या पाण्याच्या मानाने उष्णता गमावणारा पृष्ठभाग सोळापट होतो. बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी प्रमाणात बारीक केली, तर केशाकर्षणामुळे पाणी तिच्यात अडकून राहते आणि पातळी खोटी दिसते. म्हणून जाणता कारागीर ती नळी प्रमाणापेक्षा जाड घेतो आणि डोळ्यांना खटकणार नाही अशा बेताने बसवतो. अशी तडजोड प्रत्येक भागात करावी लागते. ग्लासगो विद्यापीठातील न्यूकोमेन इंजिनाची, म्हणजे वॉट यांच्या आधीच्या वाफेच्या इंजिनाची, लहान प्रतिकृती १७६३-६४ च्या हिवाळ्यात जेम्स वॉट यांच्याकडे दुरुस्तीला आली, तेव्हा थोडे ठोके देऊन ती का थांबते, याच कोड्याने त्यांना पछाडले होते, आणि वाफेची वाया जाणारी उष्णता वाचवणाऱ्या स्वतंत्र संघनकाची (वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या वेगळ्या पात्राची) कल्पना १७६५ मध्ये त्यातूनच सुचली. लहान यंत्र मोठ्या यंत्राला शिकवू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

लोक सभागृहापर्यंत का जातात, याचेही उत्तर यातच आहे. छायाचित्रात चकाकी दिसते, तडजोड दिसत नाही. ती कळते टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाला विचारल्यावर. १९२० च्या दशकात एल.बी.एस.सी. या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराने असा आग्रह धरला की, अडीच इंची रुळांवरच्या इंजिनातही खऱ्या धर्तीचा, कोळशावर चालणारा बॉयलर उत्तम काम देतो. त्या काळी स्पिरिटच्या दिव्यावर चालणाऱ्या लहान इंजिनांचा पक्ष घेणारे पुष्कळ होते. हा वाद छापील मजकुराने मिटला नाही; त्यांच्या ‘आयेशा’ नावाच्या इंजिनाने लोकांसमोर माणसे ओढून दाखवली, तेव्हा त्याला उत्तर मिळाले. चेरी हिल या ब्रिटिश कारागीर बाईंनी या प्रदर्शनातला मानाचा ड्यूक ऑफ एडिंबरो करंडक नऊ वेळा जिंकला. व्हिक्टोरियन काळातील रस्त्यावरच्या वाफेच्या इंजिनांच्या त्यांच्या प्रतिकृतींपुढे उभे राहिल्यावर तळहाताएवढ्या जागेतला प्रत्येक नट, प्रत्येक रिव्हेट प्रमाणात आहे, हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. तो वेळ पडद्यावर कोणी देत नाही.

प्रश्न : ही प्रदर्शने हळूहळू बंद पडतील, असे ऐकतो. यात तथ्य किती?

उत्तर : काळजी खरी आहे, आणि तिचे मूळ कारागिरीइतकेच हिशेबात आहे. मोठ्या सभागृहाचे भाडे केवळ तिकिटांतून निघणे कठीण असते. हत्यारे, ओतीव भाग आणि धातूच्या सळया विकणाऱ्या दुकानदारांच्या गाळ्यांचा त्याला मोठा आधार असे. पूर्वी माणूस वर्षभराची यादी खिशात घेऊन प्रदर्शनाला येत असे. आता तीच खरेदी घरबसल्या होते, दुकानदाराला तीन दिवसांचा मुक्काम आणि मालाची ने-आण परवडत नाही, गाळे कमी झाले की गर्दी घटते, आणि गर्दी घटली की उरलेले दुकानदारही विचार करू लागतात. दुसरी अडचण वयाची. पाच इंची रुळांवरच्या मोठ्या इंजिनाचे वजन शंभर किलोंपर्यंत, कधी त्याहूनही अधिक असते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ते गाडीत चढवायचे, उतरवायचे आणि दिवसभर त्यापाशी उभे राहायचे, ही अपेक्षा दरवर्षी जड होत जाते. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे बरीच प्रदर्शने रद्द झाली, तेव्हा मोडलेली सवय सगळ्यांनाच पुन्हा लागली असे नाही. कोळशाचाही प्रश्न आहे : वेल्समध्ये मर्थर टिडफिलजवळची मोठी उघडी कोळसाखाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि वाफेच्या इंजिनांना मानवणारा स्थानिक कोळसा दुर्मीळ झाला.

तरीही छंद आणि प्रदर्शन यांची गल्लत करू नये. ज्या मायफोर्ड लेथवर ब्रिटनमधील कारागिरांच्या कित्येक पिढ्या शिकल्या, त्याचा बीस्टन येथील कारखाना २०११ मध्ये बंद झाला; पण ते जुने लेथ आजही हातोहात विकले जातात आणि चालतात. छंदाचा खरा कणा म्हणजे हौशी कारागिरांची गावोगावची मंडळे. तांब्याच्या नव्या बॉयलरची चाचणी कामाच्या दुप्पट दाबाने पाणी भरून केली जाते, पुढच्या चाचण्या दीडपट दाबाने होतात, आणि ही जबाबदारी मंडळांतील अनुभवी निरीक्षक पार पाडतात. हे ज्ञान एकट्याने बसून पुरते मिळत नाही. या मंडळांचा दरवाजा बाहेरच्या माणसासाठी उघडतो तो प्रदर्शनात, आणि म्हणून मला प्रदर्शनांची काळजी वाटते.

मोठी सभागृहे काही ठिकाणी जातील, असे मला वाटते. त्यांची जागा मंडळांच्या स्वतःच्या रुळांवर भरणारे लहान मेळावे घेऊ शकतील. मात्र त्यासाठी एक सवय बदलावी लागेल. काचपेटीतले पूर्ण, झळाळते इंजिन पाहून नवखा माणूस थक्क होतो आणि ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे म्हणत निघून जातो. त्याच्या शेजारी अर्धवट कापलेली चौकट, बिघडून बाजूला टाकलेले सिलिंडर आणि चालू लेथ ठेवला, तर तोच माणूस खुर्ची ओढून बसतो. त्रिमितीय छपाईने नमुने काढून त्यावरून धातूचे भाग ओतवून घेणाऱ्या तरुणांनाही त्याच टेबलावर जागा हवी. ‘हे खरे हातकाम नाही’ असे म्हणून त्यांना दूर ठेवणारी ज्येष्ठ मंडळी आढळतात, आणि त्यांचे ते बोलणे मला मनापासून चुकीचे वाटते. चाकाचा नमुना कसाही केला, तरी ते चाक लेथवर नेमके फिरवण्याचे कसब शिकावेच लागते.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलीला अशा प्रदर्शनाला न्यायचे आहे. तिने काय पाहावे, काय विचारावे?

उत्तर : टेबलाच्या उंचीवर डोळे आणून इंजिन खालून पाहायला सांगा, कारागिराचे बरेचसे कष्ट तिथे असतात. ‘किती वर्षे लागली?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. तिने विचारावे, ‘हा भाग कापताना तुम्ही पकडला कसा?’ वेड्यावाकड्या ओतीव तुकड्याला लेथवर घट्ट धरणे हे प्रत्यक्ष कापण्याहून अवघड असते, आणि हा प्रश्न ऐकून बहुतेक कारागीर टेबलाखालून एखादी स्वतः बनवलेली पकड काढून दाखवतील. पाऊण इंच व्यासाच्या सिलिंडरचे उभे ‘स्टुअर्ट टेन-व्ही’ हे जागेवरच चालणारे वाफेचे इंजिन कुठे दिसले, तर तिथे जास्त वेळ थांबा. अनेकांचे ते पहिले काम असते, आणि ते नुकतेच पूर्ण केलेल्या माणसाला आपली प्रत्येक चूक अजून आठवत असते.